दोन इंच, फक्त काठाला

आमच्या मागच्या बागेची जमीन अंगणापेक्षा साडेतीन फूट उंच आहे. मध्ये माती अडवणारी विटांची भिंत, 52 फूट लांब. इथे ग्वाल्हेरात तिला पुश्ता म्हणतात. जुनी भिंत फुगली म्हणून गेल्या हिवाळ्यात नवी बांधली आणि तिच्या माथ्यावर काय बसवायचं यावर घरात पंधरा दिवस चर्चा झाली. नुसतं सिमेंट फिरवणं स्वस्त, पण इथल्या उन्हात त्याला तडे जातात आणि पाणी थेट विटांत उतरतं. उभ्या विटा दिसायला छान, पण दर तीन इंचांवर सांधा, म्हणजे पाण्याला तेवढ्या वाटा. अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "किल्ल्याच्या पायथ्याशी राहून दगड सोडून दुसरं काय लावायचं?" ते पटलं.

ओळखीतून आलेल्या ठेकेदाराने नमुना आणून ओसरीवर ठेवला. फिकट पिवळट वालुकाश्म, भरीव, दोन इंच जाड. मला तो एका हाताने हललाही नाही. माझ्या अटी मी स्पष्ट सांगितल्या होत्या: दगड भिंतीच्या दोन्ही बाजूंना दीड इंच बाहेर हवा, वरून बागेकडे थोडा उतार, आणि बाहेर आलेल्या भागाला खालून लांबलचक खाच. खाच असली की पाण्याचा थेंब तिथेच तुटून खाली पडतो, भिंतीवरून ओघळत नाही. त्याने सगळ्याला मान डोलावली. 380 रुपये फूट ठरलं, म्हणजे 19,760. त्यातले 12,000 आगाऊ दिले. कागदावर त्याने हिंदीत लिहिलं, "पत्थर की पट्टी, किनार 2 इंच". मी वाचलं आणि सही केली. त्या "किनार" शब्दावर मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

मार्चमध्ये भाचीच्या लग्नाला आम्ही सगळे पुण्याला गेलो आणि काम आमच्या मागे झालं. परतलो तेव्हा भिंत देखणी दिसत होती, समोरून दोन इंचाचा काठ अगदी सरळ. उरलेले पैसे देऊन टाकले. शेजारच्या वहिनी सहज म्हणाल्या, "दगड हलका निघाला हो तुमचा, एक पोरगा दोन-दोन पट्ट्या डोक्यावरून नेत होता." मी ते कानाआड केलं. तीन फूट लांब, तेरा इंच रुंद आणि खरोखर दोन इंच जाड पट्टीचं वजन 35 किलोच्या आसपास भरतं. एकट्या पोराने दोन नेणं शक्यच नाही. हा हिशोब मी नंतर मांडला.

मेमध्ये पारा 45 वर गेला आणि एका दुपारी मोगऱ्याच्या कुंडीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. हातभर लांब, जेमतेम दीड इंच रुंद दगडाची चिपटी होती. तिच्या एका अंगाला वाळलेल्या डिंकासारखा पिवळा थर, नख लावलं की तुकडा निघत होता. भिंतीवर वाकून पाहिलं तर वरची फरशी 20 मिलिमीटरची. काठ जाड दिसावा म्हणून तिच्याखाली दोन्ही बाजूंना तशाच पट्ट्या चिकटवल्या होत्या. ओट्याच्या ग्रॅनाइटला असं करतात हे मला माहीत आहे, आणि घरात ते ठीकच. पण उन्हापावसात हा सांधा टिकत नाही, आणि चिकटवलेल्या पट्टीत खाच कोण पाडणार? ती नव्हतीच. उतारही नव्हता.

ठेकेदाराला बोलावलं. आवाजही न चढवता त्याने कागद पुढे केला. "मैडम, किनार दो इंच लिखी है, किनार दो इंच ही दी है." त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी भिंतीवरून ओघळलं, आठ दिवसांत प्लास्टरला पांढरा खार फुटला आणि आणखी चार पट्ट्या गळून पडल्या. नवं काम दोनदा करायची ऐपत सगळ्यांची नसते, म्हणून राग येतो.

तुम्ही असं काम काढणार असाल तर कागदावर "भरीव, एकसंध दगड, पूर्ण रुंदीत 50 मिलिमीटर, खालून खाच" असंच लिहून घ्या. माल उतरताना स्वतः हजर राहा. पट्टी उलटी करून खालची बाजू बघा, कारण ही सगळी लबाडी खालीच असते. तुटलेला एखादा तुकडा मागून घ्या, त्यात जाडी लगेच कळते. आणि सिमेंटने बसवायच्या आधी शेवटचा हप्ता कुणालाही देऊ नका.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तेव्हा तिथेही अर्ज केला आहे. गळलेल्या पट्ट्या, फोटो, तो कागद आणि वहिनींचं लेखी निवेदन सोबत जोडलं. तारीख अजून लागायची आहे. तोवर भिंतीवर ताडपत्री घातली आहे, आणि अण्णा रोज संध्याकाळी तिच्यावरच्या विटा नीट आहेत ना ते बघून येतात.