ओहतानीचं रुकी कार्ड: रॉ घ्यावं की स्लॅबमधलं?

मुलाच्या लिटल लीगमुळे मी बेसबॉल कार्डांच्या नादाला लागलो, आता इथे न्यू जर्सीत पाचेक वर्षं झाली. एखाद्या स्टारचं रुकी कार्ड, म्हणजे त्याच्या पहिल्या सीझनचं कार्ड, घेऊन काही वर्षं ठेवायचं असं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय. सीलबंद बॉक्स फोडणं मी यात धरतच नाही, तो वेगळा शौक. प्रश्न एवढाच की कार्ड रॉ, म्हणजे सुटं, घेऊन स्वतः ग्रेडिंगला (कंपनी कार्डाची स्थिती तपासून 10 पैकी ग्रेड देते) पाठवायचं की आधीच 10 मिळालेलं स्लॅबमधलं, म्हणजे त्या कंपनीने प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं, घ्यायचं. मी जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानीच्या बाबतीत दोन्ही केलंय.

रॉ स्वस्त पडतं हे तर आहेच. शिवाय कार्ड शोमध्ये हातात घेऊन बघता येतं, घासाघीस करता येते, आणि 10 आलं तर मधला सगळा फरक आपला. नजर तयार असलेली माणसं यातून खरंच कमावतात, मी बघितलंय.

माझं गाडं अडलं ते प्रिंट लाइनवर. क्रोम, म्हणजे चकचकीत पृष्ठभागाचं, कार्ड होतं, कोपरे टोकदार, सेंटरिंग (चित्र बरोबर मधोमध असणं) मस्त, हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली वीस वेळा उलटसुलट करून घेतलं. मग पाठवून दिलं, आणि कितीतरी दिवसांनी आलं तर 9. घरी टेबललॅम्पखाली तिरकं धरलं तेव्हा कळलं, वरच्या कडेपासून खांद्यापर्यंत केसाएवढी रेघ, छापतानाच उमटलेली, पुसून जाणारी नाही आणि सरळ बघितलं तर दिसणारही नाही. 9 चा भाव बघितला तर रॉपेक्षा फारसा वर नव्हता, ग्रेडिंगची फी आणि इन्शुरन्ससकट पोस्टेज धरलं तर मी तोट्यातच. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. 19 सप्टेंबर 2024 ला ओहतानीने मायामीत 50 होमरन आणि 50 स्टील्सचा (चोरून गाठलेल्या बेसचा) टप्पा गाठला, असा सीझन आधी कुणाचाच झाला नव्हता, जो तो त्याची कार्डं शोधत होता आणि माझं कार्ड त्या दिवशी ग्रेडिंग कंपनीच्या कुठल्यातरी डब्यात पडलेलं. विकायचं मनात आलं असतं तरी हातात काही नव्हतं.

त्यानंतर टॉप्स कंपनीच्या 2018 अपडेट सेटमधलं त्याचं यूएस1 नंबरचं कार्ड घेतलं, पीएसए (ग्रेडिंग कंपनी) 10, स्लॅबमधलं. पैसे जास्त गेले. पण सर्टिफिकेट नंबर टाकून तपासलं, तसंच कार्ड गेल्या आठवड्यात किती वेळा नि कितीला विकलं गेलं ते बघितलं आणि दहा मिनिटांत व्यवहार संपला. विकायला काढलं तरी तेवढंच सोपं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, या कार्डाची 10 ग्रेडवाली प्रतसुद्धा हजारोंनी आहे आणि लोक अजून पाठवतायत, त्यामुळे स्लॅब म्हणजे दुर्मिळ असं काही नाही. आणि खेळाडूची जोखीम दोन्हीकडे सारखीच. माइक ट्राउट या बेसबॉलपटूचं 2011 अपडेटचं यूएस175 बघा, तीनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस, पण दुखापती मागे लागल्या आणि 2021 मधला भाव काही राहिला नाही. फरक एवढाच की असं काही व्हायला लागलं तर स्लॅबवाला त्याच दिवशी बाहेर पडू शकतो.

हातात वेळ असेल, शो जवळ असतील, तर रॉ चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, विशेषतः साध्या कागदी कार्डांत, कारण तिथे कोपरे नि कडा नुसत्या डोळ्यांनी बऱ्यापैकी कळतात. पण पहिलंच कार्ड असेल आणि पैसे गुंतवणूक म्हणून घालत असाल तर माझ्या मते स्लॅबच घ्या. आणि रॉ क्रोमच घ्यायचं असेल तर खिशात छोटा एलईडी टॉर्च ठेवा, कार्ड बाजूने तिरकं धरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवा, विकणारा घाई करत असला तरी.