‘मशीन घ्या, काम आम्ही देतो’: टी-शर्ट छपाईत माझे २,१८,९०० रुपये कसे गेले

२,१८,९०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला आणि आकडा ऐकल्यावर दुसरा, “एवढे दिलेच कसे?” नोंदणी २,१००, मशीन आणि किट १,८५,०००, मालाची अनामत २५,०००, वाहतूक ६,८००. यातले दीड लाख बँकेचं कर्ज. परत आले ४,२००. कर्जाचा ४,९१० रुपयांचा हप्ता चालू आहे.

प्रकार तुम्हाला माहीत आहे. अगरबत्ती, वाती, पेपर प्लेट, पेन भरणं. मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही पाठवतो, तयार माल आम्हीच उचलतो. वातीवाल्यांच्या बातम्या वाचून मी पण हसलो होतो. पण टी-शर्ट म्हणजे वाती नव्हेत. सोलापुरात शिवजयंती झाली की आंबेडकर जयंती, ती झाली की गणपती, मग नवरात्र. प्रत्येक मंडळाला, प्रत्येक लेझीम पथकाला छापील टी-शर्ट लागतो. गणवेश शिवणारे कारखाने गावात आहेत, त्यांच्या खिशावर शाळेचं बोधचिन्ह छापावं लागतं. मागणी डोळ्यांसमोर दिसत होती. आणि मी काही कापडाला नवखा नव्हतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, सूत चिमटीत धरून काउंट (सुताची जाडी) सांगतो. कारखान्यातलं काम कमी झालं, पगार अर्ध्यावर आला, तेव्हा कापडाशी संबंधित काहीतरी करावं असं वाटलं तर त्यात वेडेपणा कसला?

मशीन विकणाऱ्या कंपनीचं प्रात्यक्षिक सात रस्त्याजवळच्या एका हॉलात झालं. चार हातांचं स्क्रीन प्रिंटिंगचं मशीन, चार फ्रेमी बसवलेल्या, म्हणजे जाळी ताणलेल्या चौकटी, एका रंगाला एक. काळा टी-शर्ट पाटावर चढवला, पांढरा रंग स्क्वीजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं ओढला, फ्लॅश नावाच्या हीटरखाली सुकवला, मग पिवळा, लाल, निळा. बोलणारा तरुण सगळ्यांना “सर, सर” करत होता. “यात शिकण्यासारखं काहीच नाही सर, स्क्वीजी ओढता आली की झालं. घरच्या बायकासुद्धा करतात.” मग छापलेला टी-शर्ट घेऊन तो “क्युरिंग करून आणतो” (म्हणजे उष्णतेनं शाई पक्की करून) म्हणत आतल्या खोलीत गेला. आला तेव्हा हातात महाराजांचं चित्र असलेला काळा टी-शर्ट. जिरेटोपावर सोनेरी छटा, चेहऱ्यावर उजेड-सावली, मागं केशरी आकाश. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

इथंच. इथंच मला कळायला हवं होतं. फ्रेमी चार, रंग चार. एक पांढरा तळाला गेला, उरले तीन. माझ्या हातातल्या टी-शर्टवर सोनेरी होता, तपकिरी होता, केशरीच्याच तीन छटा होत्या. मोजले असते तर आठ तरी भरले असते. मी चित्रावरून अंगठा फिरवला, कडेला नखाला पापुद्रा लागला. पातळ, गुळगुळीत, एकसारखा. विचारलंसुद्धा, “इतकं गुळगुळीत कसं?” तो म्हणाला, “इम्पोर्टेड इंक आहे सर.” आणि मी गप्प बसलो, कारण शेजारचे दोघं नोंदणीचे पैसे मोजत होते आणि जागा फक्त दहा आहेत असं दोनदा सांगून झालं होतं. आतल्या खोलीत माझ्यासोबत या, क्युरिंग दाखवा, एवढं कुणीच म्हणालं नाही. हॉलात पन्नासेक माणसं होती, सगळे काय अडाणी होते?

तो टी-शर्ट स्क्रीन प्रिंटचा नव्हताच. तो डीटीएफ होता. कॉम्प्युटरच्या प्रिंटरनं फिल्मवर चित्र काढायचं, चिकट पावडर टाकायची, हीट प्रेसनं कापडावर दाबायचं. त्याला फ्रेम लागत नाही, स्क्वीजी लागत नाही. हे मला पूर्व भागातल्या एका जुन्या छपाईवाल्या मामांनी सांगितलं, पैसे गेल्यावर. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “हे स्क्रीनचं नाहीच की बे. स्क्रीनवर छटा आणायची तर ठिपके पाडावे लागतात, ओळीत बसलेले. इथं कुठं आहेत ठिपके? आणि शर्ट उलटा करून बघ, आतून रंगाचा मागमूस नाही.”

आता खरी मेख. पुण्यात करार झाला, त्याच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: ‘दर्जा कंपनीच्या मंजूर नमुन्याप्रमाणे.’ मंजूर नमुना कोणता? हाच डीटीएफचा टी-शर्ट. म्हणजे स्क्रीनवर छापून डीटीएफसारखा माल द्या, नाहीतर रद्द. आणि रद्द मालाचे नगाला ९५ रुपये आमच्याकडून कापायचे. मी नापास होणार हे करारातच लिहिलेलं होतं. करार वाचला नव्हता असं नाही, वाचला होता. पण ‘मंजूर नमुना’ या शब्दांत काय दडलंय हे वकिलाला तरी कळलं असतं का? नमुना हातात घेऊन, त्यावर दोघांच्या सह्या आणि छपाईची पद्धत लिहून घ्या. हे त्या मामांचं वाक्य आहे, फुकट देतोय.

पहिला लॉट ३०० नगांचा. पांढरा टी-शर्ट, काळी अक्षरं, एकच रंग. हे कुणालाही जमतं. नगाला १४ प्रमाणे ४,२०० रुपये आठवड्याच्या आत खात्यावर. घरात पेढे आणले. दुसरा लॉट १,००० नगांचा, मरून रंगाचा, वर पांढरं बोधचिन्ह आणि दोन रंग. इथून पुढं त्या “शिकण्यासारखं काहीच नाही”वाल्या कामानं आपले दात दाखवले.

फ्रेम बनवायलाच किती गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोल्टिंग कापड, म्हणजे जाळी, ताणून बसवायचं, सैल राहिलं की दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही, सरकतो. जाडसर पांढऱ्याला मोठ्या छिद्रांची जाळी, बारीक कामाला बारीक जाळी. इमल्शन (उजेडानं कडक होणारा लेप) अंधारात लावायचं, अंधारातच वाळवायचं, मग फिल्म ठेवून उजेड द्यायचा. उजेड कमी पडला तर धुताना सगळंच वाहून जातं, जास्त झाला तर नक्षी उघडतच नाही. धुवायला जोराचं पाणी लागतं. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात प्रत्येक फ्रेम मी टँकरच्या पाण्यानं धुतली, त्याचा खर्च वरच्या आकड्यात धरलेलाच नाही. प्रशिक्षणात यातलं काहीही नव्हतं. तिथं फ्रेमी तयार होत्या, आम्ही फक्त ओढलं.

मग शाई. पाण्यावरची पिगमेंट शाई घेतली तर सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार शर्ट होईतो जाळीतच वाळते, स्क्रीन जॅम. त्यांनी दिली होती प्लास्टिसॉल. ती जाळीत वाळत नाही म्हणून सोपी वाटते, पण ती कापडावरही आपोआप वाळत नाही. तिला आख्ख्या थरात साधारण १६० अंश सेल्सियस उष्णता मिळावी लागते, तेव्हा ती पक्की होते. किटमध्ये क्युरिंग मशीन नव्हतं, फ्लॅश होता. फ्लॅशनं दुधावर साय धरावी तसा वरचा थर धरतो, खालची शाई कच्चीच. बोट लावलं तर कोरडी, धुतली की भेगा. मशीनची किंमत विचारताना ‘यात क्युरिंग आहे का’ हा प्रश्न विचारा. ‘सगळं आलं त्यात’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि कुठलाही नमुना विकत घेण्याआधी घरी नेऊन धुवा. दोन्ही हातांनी ताणा. देत नसतील तर उठून चालू लागा.

तरीही मी १,००० नग वेळेत दिले. माझ्याजवळ एक जादाचा ठेवून घेतला होता. तिसऱ्या दिवशी बघतो तर पांढरं बोधचिन्ह गुलाबी. आधी वाटलं शाई खराब. मग कारखान्यात सुतासोबत करायचो ते केलं: कापडातून एक धागा काढून जाळला. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. हा आकसला, वितळला, टोकाला काळा कडक मणी. सोबतच्या डिलिव्हरी चलनावर ‘१०० टक्के कॉटन’ लिहिलेल्या मालात पॉलिस्टर होतं. पॉलिस्टरचा रंग उष्णतेनं सुटतो आणि वरच्या पांढऱ्यात चढतो. त्याला वेगळी शाई लागते, मधे अडवणारा थर लागतो. एक काडी ओढायला मला किती वेळ लागला असता? पण दुसऱ्याचा माल आधीच जाळून बघणारा कारागीर तुम्ही पाहिलाय का? जॉबवर्कमध्ये चलनावर विश्वास ठेवूनच काम चालतं. माझंही आयुष्य तसंच गेलं.

कंपनीचा निरोप आला: ६४० नग रद्द. ६४० गुणिले ९५, म्हणजे ६०,८००. अनामत २५,००० वजा करून तुम्हीच आम्हाला ३५,८०० देणं लागता, सात दिवसांत भरा, नाहीतर नोटीस. पास झालेल्या ३६० नगांचे माझे ५,०४० रुपये? त्यावर अवाक्षर नाही. रद्द माल दाखवा म्हटलं, तर पाच-सहा शर्टांचे फोटो पाठवले. तेवढ्यात फोन लागायचा बंद झाला. ते ३५,८०० मी भरले नाहीत. तुम्हाला असा निरोप आला तर तुम्हीही भरू नका. रद्द झालेला नग न् नग समोर मोजून द्या म्हणा.

पुढची कथा जास्त चीड आणणारी आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. “पैसे तुम्ही स्वतः बँकेतून दिलेत ना, मग हे सायबरमध्ये येत नाही.” पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी करार उलटसुलट बघितला. “काका, मशीन मिळालं ना? मग फसवणूक कुठली? दिवाणी मामला आहे हा, वकील बघा.” मी म्हटलं, नमुना खोटा दाखवला. तर म्हणे, “टी-शर्टचं आम्हाला काय कळतंय?” नाही कळत तर कळणाऱ्याला विचारा की! मग, करार पुण्यात झाला, तिकडं जा. पुण्यात गेलो तर, तुम्ही सोलापूरचे, प्रात्यक्षिक सोलापुरात, तिकडं जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी छापून नेलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, मला परत दिला. अर्ज घेतला, पण आवक शिक्का मारायला तासभर घासाघीस. शिक्का आणि तारखेशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका, नाहीतर तुम्ही गेलाच नव्हता असं होतं. वरच्या कार्यालयाला पोस्टानं पाठवलेल्या अर्जाचं उत्तर काय आलं? ‘आपला अर्ज संबंधित ठाण्याकडे वर्ग केला आहे.’ संबंधित ठाणं म्हणजे तेच, जिथं कागदाची घडी घालून दिली.

बँकेची तऱ्हा तर सांगण्यासारखीच. कर्ज देताना माझे शेजारी तपासले, रेशन कार्ड तपासलं, शेडचा फोटो चारी बाजूंनी काढला. ज्याच्या खात्यावर दीड लाख पाठवायचे त्या कंपनीचं कोटेशन मात्र आहे तसं फाईलला लावलं. त्यावरचा जीएसटी क्रमांक २४ नं सुरू होत होता. पत्ता पुण्याचा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ नं सुरू होतो, २४ गुजरातचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम. मला नव्हतं माहीत, बँकेच्या साहेबांना पण नव्हतं? विचारलं तर म्हणाले, “पुरवठादार तुम्ही निवडलाय.” करारातलं न्यायालयाचं कलमही नीट बघा: माझ्या करारात वाद सुरतेच्या न्यायालयात चालवायचा असं लिहिलंय.

जिल्हा ग्राहक आयोगात पहिल्यांदा सांगितलं गेलं की मशीन धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त येत नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकिलानं हे लिहून दिल्यावर तक्रार दाखल झाली. कंपनीला पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. आता दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची आहे, पुढची तारीख पडली आहे.

मशीनचं म्हणाल तर मामांच्या मते तसं मशीन सत्तर-पंच्याहत्तर हजारांत येतं, आणि वापरलेल्याला आता तीससुद्धा कुणी देणार नाही. मी ते विकलं नाही. मामांकडं संध्याकाळी जाऊन फ्रेम बनवायला शिकतोय. ते मला अजून मरून शर्टाला हात लावू देत नाहीत.

त्या हॉलात माझ्यासोबत नोंदणी केलेले नऊजण होते. त्यातल्या तिघांचा पत्ता लागला, एकानं कंपनीनं मागितलेले पैसे भरूनही टाकले. उरलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर करार आणि बिल घेऊन पुढं या, लाज बाळगू नका, मीही खूप बाळगली. बिलावर २४ नं सुरू होणारा क्रमांक आणि शेवटच्या पानावर ‘मंजूर नमुना’ असेल तर आपण एकाच कंपनीचे. आणि तो काळा टी-शर्ट कुणाकडं असेल तर धुऊ नका, फेकू नका. आयोगापुढं तोच पुरावा आहे.