‘१०० एएच’च्या डब्यात निघाले १८! ऑडिओसाठी बॅटरी घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

लिहायची लाज वाटतेय, पण गप्प बसलो तर मला बॅटरी विकणारा तो माणूस उद्या तुमच्यातल्याच कुणाला तरी गाठणार. डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि ॲम्पला बॅटरीवर घ्यायचं होतं, मेनचा म्हणजे घरच्या विजेचा हम आणि ग्राउंड लूप (अर्थिंगच्या वायरींमधून शिरणारी गुणगुण) एकदाचा जावा म्हणून. जाहिरात होती “ऑडिओफाइल बॅटरी सप्लाय, लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट १०० एएच, शिवाय २४ व्होल्ट आउटपुट, झीरो नॉइज”. (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) ७० टक्के पैसे आधी, ३० टक्के डबा हातात पडल्यावर. दोन्ही हप्ते मी भरले, पूर्ण.

डबा आला ४.२ किलोचा. कुरियरच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं, पण चिठ्ठीवरचं वजन वाचून सही कोण करतं सांगा? १०० एएचचा एकच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल दोन किलोच्या आसपास असतो, असे चार, वर केस आणि बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट), म्हणजे दहा किलोच्या जवळपास जायलाच हवं. तरी वजनाचं एक वेळ सोडा. माझी झोप उडते ती मल्टिमीटर आठवला की. फुल चार्ज करून मी स्वतः मोजलं, १२.६. चार एलएफपी सेल पूर्ण भरून थोडा वेळ ठेवले की १३.३ च्या पुढेमागे दिसतात. १२.६ म्हणजे साध्या लिथियम आयनचे तीन सेल, ४.२ गुणिले ३, आणि त्याच्या चार्जरवरसुद्धा १२.६ च छापलेलं होतं, माझ्या हातात होता तो चार्जर!! विचारलं तर म्हणाला “सर, स्वस्त मीटर थोडं कमीच दाखवतं”. आता माझं मीटर खरंच जुनं आहे, आणि समोरचा माणूस इम्पीडन्स, रिपल असलं सगळं घडाघडा बोलतोय, जाहिरातीत चार मोठ्या चौकोनी सेलचा फोटो आहे, तर मी मीटरवरच संशय घेणार ना? मी काय बॅटरीचा कारखाना चालवतो?

मग ट्वीटरमधून बारीक शिट्टी यायला लागली. मेनवर असताना हम होता, शिट्टी नव्हती. तेव्हा गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावून टेस्ट केली, साधारण ५ अँपिअर. १०० एएच असती तर २० तास चालली असती. ३ तास ३६ मिनिटांत बंद. म्हणजे १८ एएच. बॅटरी पॅक दुरुस्त करणाऱ्या एकाकडून डबा उघडून घेतला (घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका, आग लागते). आत लॅपटॉपमधून काढलेले, नवं आवरण चढवलेले ३६ सेल, सगळे सेल सारखे चार्ज ठेवणाऱ्या बॅलन्सच्या वायरी नाहीतच, २४ व्होल्टसाठी एक फालतू बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट), शिट्टी त्याचीच, आणि वजन वाढवायला सिमेंटचा तुकडा. मी हौसेने बाहेरून १४.६ व्होल्टचा एलएफपी चार्जर आणून लावला असता तर सेलमागे जवळजवळ ४.९ व्होल्ट गेले असते, मग तक्रार करायला मी तरी राहिलो असतो का देव जाणे.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच मंजूर केलंत, त्यामुळे हे फ्रॉडमध्ये बसत नाही. पोलीस म्हणतात वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला, ग्राहक तक्रारीत जा. तिथे गेलो तर कपॅसिटीचा लॅब रिपोर्ट आणा. लॅब म्हणते पॅक उघडलाय, आम्ही घेत नाही. न उघडता आत सिमेंट आहे हे मी सिद्ध कसं करायचं? कुरियरकडे वजनाचं पत्र मागितलं तर “सिस्टीममध्ये बघा”. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे विक्रेत्याने “ग्राहकाशी संपर्क केला” एवढं एक वाक्य टाकलं आणि माझी तक्रार ‘निकाली’!! कुणाच्या बाजूने निकाली? परत उघडायचं बटणच नाही, उत्तर द्यायला जावं तर मेल नो-रिप्लाय. विक्रेता १५ टक्के द्यायला तयार आहे, माल परत पाठवला तर. आणि उघडलेली लिथियम बॅटरी कुरियर घेत नाही, हे त्याला माझ्याआधीपासून माहिती आहे.

वजन लेखी मागा, ग्रॅममध्ये. एक १८६५० सेल (लॅपटॉप पॅकमध्ये असतो तो गोल सेल) ३५०० एमएएचच्या, म्हणजे साडेतीन एएचच्या, फार पुढे जात नाही, ९९०० लिहिलेला दिसला की तिथूनच परत फिरा. मुळात ५ वॉट खाणाऱ्या डॅकला १०० एएच लागतेच कशाला, १२.८ व्होल्ट २० एएच म्हणजे २५६ वॉट-तास, पन्नास तास आरामात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. १२ व्होल्टवर ८ ओमच्या स्पीकरला नऊएक वॉटच मिळतात, त्यापुढचे आकडे कुणी सांगितले तर आत बूस्ट कन्व्हर्टर आहे असं समजा. चार्जर लावून ऐकलंत तर तोच ग्राउंड लूप परत येऊ शकतो, ऐकताना प्लग काढा. आणि उरलेले ३० टक्के बल्ब टेस्ट झाल्याशिवाय सोडू नका, तो कितीही गोड बोलू दे.

जाहिरात अजून चालू आहे. फोटो तोच, वजनाचा रकाना रिकामा, फक्त १०० च्या जागी आता १२० एएच लिहिलंय.