हिडकल की मांडवी: शिडाच्या नौकांचा व्यवसाय कोठे उभारावा?

बेळगावात राहून शिडाच्या नौका शिकवण्याचा आणि भाड्याने देण्याचा छोटा व्यवसाय करू पाहणाऱ्यापुढे दोन पर्याय येतात: हुक्केरी तालुक्यातील घटप्रभेवरचा हिडकल जलाशय, किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यातली मांडवी.

शिकवण्यासाठी हिडकल मला निःसंशय उजवा वाटतो. ऑप्टिमिस्ट ही सुमारे २.३ मीटर लांबीची, एकट्या मुलाने चालवायची नौका कलंडली, तर मूल तळातून खाली गेलेल्या फळीवर भार टाकून तिला सरळ करते, मग पाणी उपसते आणि पुन्हा शीड ताणते. एवढे होईपर्यंत ओहोटी तिला समुद्राकडे खेचत नाही, हा दिलासा पालकांसाठी फार मोठा असतो. गोड्या पाण्यात तारा आणि कप्प्याही लवकर गंजत नाहीत. मात्र उन्हाळ्यात पाणी उतरले की काठावर चिखल उघडा पडतो, म्हणून तरंगता धक्का हवाच. आणि जलाशय सिंचनाचा असल्याने संबंधित खात्याची लेखी परवानगी हाती पडेपर्यंत एकही नौका विकत घेऊ नये.

भाड्याचा धंदा मात्र मांडवीवरच चालेल. तेथे पर्यटक आहेत आणि दुपारी खारे वारे भरवशाने वाहतात. परंतु पावसाळ्यात समुद्र खवळला की उत्पन्न थांबते, नौका नांगरण्याचे भाडे आणि खलाशांचा पगार थांबत नाही. त्यामुळे भांडवल बेताचे असेल, तर आधी हिडकलवर शाळाच काढावी, असे माझे ठाम मत आहे.