ताडपत्रीचा बेत वाटताना: क्रिएटिव्ह कॉमन्स आणि सर्नचे परवाने वापरून पाहिल्यावर

सह्याद्रीतल्या पावसाळी मुक्कामांसाठी मी स्वतः शिवलेल्या ताडपत्रीचा बेत, म्हणजे पेपर कटिंगची मापे, शिवणीचा क्रम आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, सर्वांना मोफत देण्याचे ठरवले, तेव्हा परवान्याचा विचार माझ्या मनात आलाही नव्हता. ‘मोफत आहे, वापरा’ एवढेच शेवटी लिहिले होते. पहिल्याच महिन्यात किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारले, ‘‘दादा, यावरून चार-पाच शिवून ट्रेकला येणाऱ्या मुलांना विकल्या तर तुमची हरकत नाही ना?’’ माझी हरकत नव्हतीच. परंतु मी लिहिलेल्या शब्दांतून त्यांना ते कळत नव्हते, आणि विचारायला संकोचून गप्प राहिलेले किती जण असतील, हे मला कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर गेली दोन वर्षे मी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आणि सर्न ओपन हार्डवेअर लायसन्स, म्हणजे आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे सांगणारे तयार परवाने, हे दोन्ही माझ्या बेतांना लावून पाहिले. मी वकील नाही, हाताने सामान शिवणारा माणूस आहे, आणि हा आढावाही त्याच नजरेने लिहिला आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था 2001 साली अमेरिकेत स्थापन झाली, तिचे पहिले परवाने 2002 च्या डिसेंबरात आले आणि आज वापरात असलेली 4.0 ही आवृत्ती 2013 ची आहे. सेवा म्हणून पाहिले तर तिच्याइतके सोपे काही मला आढळले नाही. संकेतस्थळावर मोजक्या प्रश्नांची उत्तरे दिली की कोणता परवाना लावायचा ते समजते आणि बेताच्या पहिल्या पानावर टाकायचा मजकूर तयार मिळतो. नोंदणी नाही, शुल्क नाही, वाट पाहणे नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, ही अट काहींना जाचक वाटते, पण मला ती या परवान्याची मोठीच जमेची बाजू वाटते. माझ्या भरवशावर कापडाचा तागा विकत घेऊन बसलेल्या शिंप्याला मी पुढच्या वर्षी मन बदलले म्हणून अडवू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

मात्र हा परवाना नेमके काय बांधतो, याबाबत बहुतेकांची फसगत होते आणि माझीही झाली होती. त्याचा पाया कॉपीराइट आहे, आणि कॉपीराइट माझ्या मजकुराला, आकृत्यांना व छायाचित्रांना मिळतो, शिवून तयार झालेल्या ताडपत्रीला नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 मध्ये 2012 च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की, तांत्रिक आकृतीसारख्या सपाट कृतीवरून एखाद्या उपयोगी साधनाचा निव्वळ कामापुरता भाग औद्योगिक वापरासाठी प्रत्यक्ष घडवणे हे उल्लंघन ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम 15 नुसार, ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकली असती पण केली गेली नाही, त्याच्या वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने इतर कोणी औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा अधिक वेळा काढल्या की त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. डिझाइन नोंदवायचेच असेल तर 2000 चा डिझाइन कायदा आहे, त्यात 10 वर्षांचे आणि वाढवून आणखी 5 वर्षांचे संरक्षण मिळते. पण तो अर्ज बेत जाहीर करण्याआधी करावा लागतो आणि तो कायदा वस्तूच्या दिसण्याला जपतो, तिच्या कामाला नाही. ताडपत्रीत दिसण्यासारखे फारसे काही नसते. तिचे सारे मोल कडेला दिलेल्या बाकात आणि कोपऱ्यावरच्या थरांत असते.

हे कळल्यावर ‘एनसी’, म्हणजे व्यावसायिक वापरास मनाई करणाऱ्या कलमाबद्दलचे माझे मत पूर्णपणे बदलले. सुरुवातीला मी तेच लावले होते, कारण आपल्या रात्री जागून काढलेल्या बेतावर दुसऱ्याने पैसे मिळवू नयेत, ही भावना प्रत्येक हौशी कारागिराला येते. प्रत्यक्षात त्या कलमाने उलटेच घडले. मोठ्या प्रमाणावर माल काढणाऱ्याला ते अडवू शकत नव्हते, आणि चार ताडपत्र्या शिवून घरखर्चाला हातभार लावू पाहणारी प्रामाणिक बाई मात्र त्या दोन अक्षरांपाशी थांबली. मी ‘एनसी’ काढून ‘बाय-एसए’ लावले: श्रेय द्या, आणि बेतात बदल करून तो पुढे दिलात तर याच अटींवर द्या.

‘एनडी’ या कलमाबद्दल मला याहून तीव्रपणे सांगायचे आहे. त्याखाली बदललेली आवृत्ती स्वतःपुरती करता येते, पण वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. काठ्यांवर उभ्या राहणाऱ्या एका परदेशी निवाऱ्याची उत्तम पुस्तिका मला मराठीत आणायची होती. ‘एनडी’मुळे ती वाटणे शक्य नव्हते, म्हणून मूळ कारागिराला पत्र लिहून स्वतंत्र परवानगी घ्यावी लागली. शिवाय बाहेर वापरायच्या सामानाचा बेत जागेनुसार बदलतोच. नायलॉन भिजले की सैल पडते आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, त्यामुळे जुलैतल्या घाटमाथ्यासाठी मी पॉलिएस्टर निवडतो, आणि कापड बदलले की मापेही थोडी बदलावी लागतात. असे बदल वाटायला जो परवाना मनाई करतो, तो अशा सामानाच्या कामाचा नाही.

परवान्याचा खरा कस मागच्या पावसाळ्यात लागला. एका विक्रेत्याने माझ्या आकृत्या आणि छायाचित्रे नाव काढून स्वतःच्या पुस्तिकेत छापली. त्याच्या ताडपत्र्यांबद्दल मी काहीच बोललो नाही, कारण बोलण्याचा हक्कच नव्हता. आकृत्यांबद्दल मात्र शांतपणे लिहिले. 4.0 आवृत्तीत चूक कळल्यापासून 30 दिवसांत ती सुधारली तर हक्क आपोआप पुन्हा मिळतात, ही तरतूद मी त्या पत्रात मांडली आणि पुढच्या छपाईत माझे नाव व परवाना आला. भांडणाशिवाय माघार घेण्याची वाट परवान्यातच असणे किती उपयोगाचे, हे त्या वेळी कळले.

सर्न ओपन हार्डवेअर लायसन्स हा वेगळ्या जातीचा परवाना आहे. जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने तो आपल्या इलेक्ट्रॉनिक रचनांसाठी 2011 मध्ये आणला, आणि 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार केले: ‘एस’मध्ये वस्तू पुढे देणाऱ्याने संपूर्ण रचना खुली ठेवायची, ‘डब्ल्यू’मध्ये घेतलेल्या भागापुरती, आणि ‘पी’मध्ये केवळ सूचना व श्रेय जपायचे. तो बनवलेल्या वस्तूचाही विचार करतो आणि रचना देणाऱ्याकडे पेटंट असल्यास त्याची परवानगीही त्यात येते. क्रिएटिव्ह कॉमन्स पेटंटला हात लावत नाही. शीतपेयाच्या डब्यांपासून केलेल्या स्पिरिटच्या चुलीच्या रचनेला मी ‘डब्ल्यू’ लावला. धातूकामाला तो शोभतो, पण त्याची भाषा जड आहे, आणि ताईंना तो समजावताना मला तासभर लागला. दोन्ही परवान्यांत हमी नाकारलेली असते, म्हणून निर्धास्त होऊ नये: स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही आणि चूल ताडपत्रीखाली पेटवायची नाही, ही वाक्ये मी परवान्याच्या ओळीच्याही वर, ठळक छापतो.

कोकणात कोयता अडकवण्यासाठी कमरेला बांधतात त्या आकडीची एक पट्ट्यावर बसणारी आवृत्ती मी काढली आहे. तिथे कोणताच परवाना पुरा पडत नाही. तो आकार पिढ्यान्‌पिढ्या रानात वावरणाऱ्यांचा आहे. माझी आहे ती केवळ रेखाटने, म्हणून ‘बाय-एसए’ फक्त रेखाटनांना आहे हे स्पष्ट लिहून, आकार कोणत्या भागातल्या लोकांकडून शिकलो ते पहिल्याच ओळीत नोंदवले.

कापडी सामान असेल तर ‘बाय-एसए 4.0’ घ्यावा, धातूचे किंवा लाकडाचे काम असेल आणि रचना खुलीच राहावी अशी इच्छा असेल तर सर्नचा ‘डब्ल्यू’ किंवा ‘एस’ घ्यावा. आणि पेटंटचा विचार असेल तर बेत वाटण्याआधीच अर्ज करावा, कारण नंतर नावीन्य उरत नाही.

ताईंनी त्या वर्षी सहा ताडपत्र्या विकल्या. कोपऱ्यांवर माझ्या दोनऐवजी तीन थर लावून त्यांनी टीप तिरकी मारली होती आणि वाऱ्यात तो कोपरा माझ्यापेक्षा चांगला टिकला. त्यांच्या संमतीने तो बदल बेताच्या चौथ्या आवृत्तीत आला आहे आणि श्रेयाच्या ओळीत माझ्या नावाशेजारी आता त्यांचेही नाव छापले जाते.