गुडघ्यातली गादी फाटली: व्यायाम, कापणं की टाके?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘मेनिस्कस टेअर’, म्हणजे गुडघ्यातली गादी फाटली आहे, असं आलं की बहुतेकांना वाटतं, आता शस्त्रक्रिया अटळ. पण निर्णय त्या दोन शब्दांवर होत नाही. फाट कुठे आहे, कोणत्या प्रकारची आहे आणि गुडघा पूर्ण सरळ होतो का, यावर होतो.

गुडघ्यात आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक गादी असते. मांडीच्या हाडाचा भार नडगीच्या हाडावर पसरवणं हे तिचं काम. तिला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेने, साधारण एक तृतीयांश रुंदीपर्यंत. तिथली फाट भरून येऊ शकते. आतली पातळ कड एकदा फाटली की सहसा सांधत नाही. व्यायाम, कापणं (फाटलेला भाग काढून टाकणं) आणि टाके (फाट सांधणं) यांतलं काय निवडायचं, हे बरंचसं या एका गोष्टीवर ठरतं.

आधी एक तपासणी घरीच करा. पलंगावर पालथे झोपा आणि गुडघ्याच्या वाटीखालचा भाग पलंगाबाहेर येऊ द्या. पाय सैल सोडा. दोन्ही टाचा एका पातळीत येतात का, हे दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा. टाचांच्या उंचीत एक सेंटिमीटरचा फरक असला, तर गुडघा साधारण एक अंश कमी सरळ होतोय. दुखऱ्या पायाची टाच बरीच वर राहते, हलकेच दाबलं तरी आत काहीतरी अडल्यासारखी परत उसळते आणि हे दिवसेंदिवस तसंच राहतं, तर गुडघा खरोखर अडकला आहे. सूज किंवा स्नायूंच्या आखडण्यामुळे आलेला ताठरपणा मात्र काही तासांत किंवा दिवसांत सैल पडतो.

अडकत नसेल, तर व्यायाम आधी

चाळिशीनंतर झिजून हळूहळू फाटलेली गादी हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय केले होते. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघेदुखी नव्हती. म्हणजे फाट दिसली म्हणून दुखणं तिचंच, असं धरून चालता येत नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी अशाच फाटीच्या १४६ रुग्णांवर चाचणी केली. काहींची गादी दुर्बिणीतून कापली, बाकीच्यांवर नुसती शस्त्रक्रियेची बतावणी केली. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

व्यायाम म्हणजे चार दिवस पाय हलवणं नव्हे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान १२ आठवडे, आणि भार वाढवत नेऊन करायचा. सुरुवात गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबण्यापासून: ५ सेकंद दाबा, १० वेळा, असे ३ फेरे. मग भिंतीला पाठ टेकून ४५ अंशांपर्यंत बसणं, पुढे १५ सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, त्यानंतर वजन घेऊन तेच. व्यायामात थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर भार एक पायरी खाली आणा. फसतं ते बहुधा दोन ठिकाणी: तिसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटलं की लोक व्यायाम सोडतात, किंवा तीन महिने तोच पाय उचलण्याचा व्यायाम करत राहतात आणि मांडीला ताकद येतच नाही.

आधी व्यायाम केल्याने संधी हुकत नाही. अमेरिकेतल्या ३५१ जणांच्या चाचणीत व्यायामगटातल्या सुमारे ३० टक्के रुग्णांनी सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. उशीर केल्याने ते मागे पडलेले दिसले नाहीत.

कापणं आणि टाके

कापण्याचं आकर्षण उघड आहे. त्याच दिवशी चालता येतं, बैठं काम एक-दोन आठवड्यांत सुरू होतं, पळणं चार ते सहा आठवड्यांत. याची किंमत पुढे मोजावी लागते. गादी जितकी कमी होईल, तितका कूर्चेवरचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावरचा दाब वाढतो. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये दिसणारे बदल १९४८ सालीच नोंदले गेले आहेत. बाहेरच्या बाजूची गादी कापली तर त्रास सहसा लवकर दिसतो. आतल्या कडेचा सुटा तुकडा सतत मध्ये येत असेल, तीन महिने नीट व्यायाम होऊनही फरक नसेल आणि उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातली फट (दोन हाडांमधलं अंतर) चांगली असेल, तेव्हाच कापण्याचा विचार करावा. फट आधीच मिटलेली असेल तर कापून दुखणं जात नाही.

टाके घातले की सोसावं जास्त लागतं. फाटीच्या प्रकाराप्रमाणे चार ते सहा आठवडे कुबड्या किंवा ब्रेस, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, उकिडवं बसणं साधारण चार महिने बंद, खेळ चार ते सहा महिन्यांनी. एवढं करूनही पाचातल्या साधारण एका रुग्णाचे टाके टिकत नाहीत आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते. तरीही तरुण गुडघ्यात, बाहेरच्या कडेला उभी फाट असेल तर टाकेच घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोबत गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटची (हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची) शस्त्रक्रिया होत असेल तर गादी सांधण्याची शक्यता आणखी वाढते.

जिथे थांबू नये

गादीचा मोठा पट्टा उलटून सांध्याच्या मध्ये आला की गुडघा अडकतो. याला बकेट हँडल फाट म्हणतात. इथे बारा आठवड्यांचा व्यायाम लागू नाही, काही दिवसांत सर्जनला गाठा.

दुसरी फाट फसवी असते. खाली बसताना किंवा पायरी उतरताना गुडघ्यामागे ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्यानंतर चालणं जड जातं. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं. इथे गादी हाडाला जिथे जोडलेली असते, ते मूळच सुटलेलं असतं. मूळ सुटलं की गादी बाजूला सरकते आणि सगळी गादी काढल्यासारखीच परिस्थिती होते. रिपोर्टमध्ये ‘रूट टेअर’ किंवा गादी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर सरकल्याची नोंद असेल, तर कूर्चा चांगली असेपर्यंतच टाक्यांचा उपयोग होतो.

पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेलं, रात्री विश्रांतीतही न थांबणारं दुखणं असेल तर गादीबरोबर हाडाकडेही पाहायला सांगा. कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तो सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो, आणि त्यावर पहिला उपाय पायावरचा भार कमी करणं हा आहे. ताप, लाल आणि गरम गुडघा असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

टाके घालता येतील की नाही, हे अनेकदा दुर्बीण आत गेल्यावरच कळतं. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना विचारा: ‘सांधण्याजोगी निघाली तर सांधाल ना?’ आणि सुट्टी टाक्यांच्या हिशोबाने, सहा आठवड्यांचीच धरा.