बारीक फिनिशचा सँडर निवडताना: आधी ऑर्बिट पाहा, वॉट नंतर

पॉलिशचा पहिला हात चढतो आणि तोवर गुळगुळीत वाटणाऱ्या तक्त्यावर बारीक वेटोळी उठून दिसू लागतात. बोटाला काही लागत नाही, पण तिरप्या उजेडात एकेक वळसा मोजता येतो. दोष बहुतेक वेळा पॉलिशच्या माथी मारला जातो. खरा दोष असतो सँडरचा, म्हणजे लाकूड घासणाऱ्या मशीनचा, त्याच्या सँडपेपरचा किंवा नीट न ओढल्या गेलेल्या धुळीचा. म्हणून फिनिशिंगचं मशीन निवडताना ‘किती वॉट’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. लाकूड किती झपाट्यानं निघतं याला इथं फारसं महत्त्व नाही. मागे कसला ओरखडा राहतो ते पाहायचं.

इथं विचार केला आहे तो रँडम ऑर्बिटल सँडरचा. बेल्ट सँडर सपाटीकरणाचं हत्यार आहे, आणि गिअरवर पॅड फिरवणारं मशीन जुना रंग उतरवायला उत्तम. दोघांचाही शेवटच्या हाताशी संबंध नाही.

या सँडरचं पॅड, म्हणजे ज्याला पेपर चिकटतो ती खालची गोल तबकडी, एकाच वेळी दोन हालचाली करतं. मोटर त्याला एका छोट्या वर्तुळात हलवते, तो ऑर्बिट. आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे पॅड स्वतःभोवती सावकाश गरगरतं. पेपरवरचा प्रत्येक कण ऑर्बिटच्या व्यासाएवढं वेटोळं काढतो, आणि पॅड गरगरत असल्यामुळे ती वेटोळी एकमेकांवर पडून पुसली जातात. साहजिकच ५ मिमी ऑर्बिटचं वेटोळं मोठं आणि लवकर दिसणारं, २ ते ३ मिमीचं लहान आणि लाकडाच्या रेषांत लपणारं. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी निवड झाली: सपाटीकरण आणि रंध्याच्या खुणा काढायला ५ मिमी, पॉलिशआधीचा शेवटचा हात, व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि सीलरच्या (पॉलिशआधीच्या अस्तराच्या) दोन थरांमधली घासाई यांना २ ते ३ मिमी.

कॅटलॉगमधले आकडे मात्र जपून वाचावे लागतात. काही कंपन्या ऑर्बिटचा व्यास देतात, काही त्याची त्रिज्या. ‘एक्सेंट्रिसिटी १.२५ मिमी’ असं लिहिलेलं दिसलं तर ते मशीन २.५ मिमी ऑर्बिटचंच आहे. दुप्पट बारीक घासेल असं समजू नये. वेगाचंही तसंच. कुठे मिनिटाला १२,००० फेरे लिहिलेले असतात, कुठे त्याच मशीनसाठी २४,००० हेलकावे. एका फेऱ्याला दोन हेलकावे धरले, इतकाच फरक. दोन मशीनची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणायचे आणि त्यांचा गुणाकार पाहायचा. २.५ मिमी आणि १२,००० फेरे, किंवा ३ मिमी आणि १०,००० फेरे: दोन्हीत कणाचा वेग सेकंदाला सुमारे १.५७ मीटरच येतो. ५ मिमी आणि १०,००० फेऱ्यांत तो २.६ मीटरच्या वर जातो. मोठ्या ऑर्बिटचं मशीन झपाट्यानं कापतं ते यामुळे.

आता प्रत्यक्ष मशीन. बॉशचं जीईएक्स १२५-१ एई हे १२५ मिमी पॅडचं, २५० वॉटचं, २.५ मिमी ऑर्बिटचं, वजन १.३ किलो. वेग ७,५०० ते १२,००० फेरे. एका हातात मावतं, उभ्या पृष्ठभागावर हात भरून येत नाही. खुर्च्या, फ्रेम, शटर, छोटे तक्ते अशी कामं असलेल्या वर्कशॉपला पहिलं मशीन म्हणून हे पुरेसं आहे. मर्यादा म्हणजे खालचा वेग ७,५०० वरच थांबतो; लॅकरच्या थरांमध्ये घासताना त्याहून सावकाश चालणारं मशीन हवंसं वाटतं.

तिथं मकिताचं बीओ५०४१ उजवं ठरतं. ते ४,००० फेऱ्यांपर्यंत खाली येतं. ३०० वॉट, २.८ मिमी ऑर्बिट, शिवाय पुढचा हँडल काढता-घालता येतो. मोठ्या तक्त्यावर दोन हातांनी पॅड सपाट धरायला हा हँडल फार कामाचा. तरीही ही उंच बांध्याची मशीन आहेत. हात पॅडपासून जितका वर, तितकं कडेला कलंडणं सोपं, आणि कलंडलेलं पॅड अर्धचंद्राकृती खड्डा पाडून जातं.

बुटकेपणाचा फायदा फेस्टूल ईटीएस ईसी १५०/३ मध्ये दिसतो. ब्रशलेस मोटर, ४०० वॉट, १.२ किलो, ३ मिमी ऑर्बिट, ६,००० ते १०,००० फेरे. मिर्काचं डेरॉस ६२५ सीव्ही याच वर्गातलं: १५० मिमी पॅड, २.५ मिमी ऑर्बिट, ३५० वॉट, वजन साधारण एक किलो, वेग ४,००० पासून. दोन्हीत तळहात जवळजवळ पॅडवरच टेकतो. १५० मिमीच्या पॅडचं क्षेत्रफळ १२५ मिमीपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त भरतं, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढ्या तक्त्यावर फेऱ्या कमी आणि दाबही पसरून पडतो. डेरॉसला एअर सँडरसारखी (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या सँडरसारखी) वरून दाबायची पट्टी आहे. एअर सँडर वापरलेल्या हाताला ती लगेच जमते. इतरांना ती सतत दाबून धरण्याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात. दिवसात तीन-चार तास सँडिंग चालत असेल तर या दोघांपैकी एक घ्यावं. आठवड्यातून दोनदा तासभर काम असेल तर तोच खर्च चांगल्या व्हॅक्यूमवर आणि पेपरवर करावा, हे आमचं ठाम मत आहे.

पाव शीटचे चौकोनी पाम सँडर वेगळ्या कामाचे. त्यांचं पॅड गरगरत नाही, फक्त हलतं, त्यामुळे वेटोळी पुसली जात नाहीत. पण गोल पॅड ड्रॉवरच्या आतल्या कोपऱ्यात पोचत नाही, तिथं हाच हवा. दुसरं मशीन म्हणून ठेवावा, पहिलं म्हणून नको.

घेताना जवळपास कोणी तपासत नाही असा भाग म्हणजे पॅडचा ब्रेक. पॅडच्या पाठीला टेकलेली रबराची कडी पॅडला हवेत भन्नाट फिरू देत नाही. मशीन पूर्ण वेगात चालू करून हवेत धरा. पॅड सावकाश फिरलं पाहिजे. ते पंख्यासारखं गरगरू लागलं तर कडी झिजली आहे, आणि असं पॅड लाकडाला टेकताच पहिल्या क्षणी गोल ओरखडा मारणार. नवी कडी बसवणं काही मिनिटांचं काम आहे. ती सुटी मिळते का, हे मशीन घेण्याआधीच विचारून ठेवावं. ब्रेक कितीही चांगला असला तरी मशीन लाकडावर टेकवून मग चालू करायचं आणि चालू असतानाच उचलून मग बंद करायचं.

उलटा दोषही तितकाच नेहमीचा. जोर लावला की पॅडचं गरगरणं थांबतं आणि फक्त ऑर्बिट उरतो. मशीन आवाज तोच करतं, काम मात्र पाम सँडरचं होतं. पॅडच्या कडेला मार्करनं एक उभी रेघ मारून ठेवा. घासताना रेघ फिरताना दिसत असेल तर दाब बरोबर. हाताचं आणि मशीनचं वजन, त्याहून जास्त काही नाही. पुढे सरकण्याचा वेगही सेकंदाला अडीच-तीन सेंटिमीटर एवढाच. ऐकायला हा वेग रटाळ वाटतो, पण मशीन भराभरा पुढेमागे ओढलं की वेटोळी लांबट होतात आणि एकमेकांवर पडून पुसली जात नाहीत. जोरानं दाबण्याचा आणखी एक तोटा म्हणजे उष्णता. पॅडवर पेपर धरून ठेवणारे वेल्क्रोचे बारीक हूक वितळतात, पेपर सरकू लागतो आणि पॅड अकाली जातं.

धूळ ओढण्याची सोय चांगली नसेल तर महागडं मशीनही वाया. पेपर आणि लाकूड यांच्यामध्ये अडकलेली धूळ गोळा होते, तिची कडक गुठळी बनते, आणि ती गुठळी पेपरच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे एकटीच खोल वेटोळं कोरत जाते. सागवानासारख्या तेलकट आणि पाइनसारख्या डिंकाळ लाकडात हे फार लवकर होतं. मशीनसोबत येणारी छोटी डबी किंवा पिशवी थोड्या कामापुरती ठीक. फिनिशिंगला व्हॅक्यूमचा पाइपच जोडावा. तो अँटिस्टॅटिक असावा, नाहीतर कोरड्या हवेत हाताला झटके बसतात. पण इथंही अति नको. व्हॅक्यूम पूर्ण जोरावर असला की पॅड लाकडाला चिकटतं, मशीन उड्या मारतं आणि नको ती वेटोळी पुन्हा उमटतात. ओढ कमी करत जावी. मशीन सहज सरकू लागलं आणि तक्त्यावर धूळही उरली नाही, की तिथं थांबावं.

पेपरची भोकं पॅडच्या भोकांशी जुळली पाहिजेत. १२५ मिमीला आठ भोकांची रचना सर्रास चालते, १५० मिमीत मात्र प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. जाळीच्या पेपरला भोकांची कटकट नाही आणि धूळही सगळीकडून ओढली जाते. फक्त त्याच्याखाली पातळ पॅड-सेव्हर (पॅड वाचवणारी मधली चकती) लावावाच लागतो, नाहीतर जाळी पॅडचे हूक खाऊन टाकते.

धुळीचा प्रश्न फक्त फिनिशचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. सँडिंगची धूळ सर्वांत बारीक, ती तासन्‌तास हवेत तरंगते. व्हॅक्यूम चालू असला तरी एफएफपी२ दर्जाचा (बारीक धूळ गाळणारा) मास्क लावूनच काम करावं.

पेपरच्या नंबरांमागचं माप माहीत असेल तर टप्पे वगळायचा मोह होत नाही. पी८० चा कण सरासरी २०१ मायक्रॉन, पी१२० चा १२५, पी१८० चा ८२, पी२२० चा ६८, पी३२० चा ४६. पी८० वरून थेट पी२२० वर उडी मारली तर बारीक पेपर फक्त ओरखड्यांचे माथे चकचकीत करतो; पी८० च्या खाचा खालीच राहतात आणि स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावताच काळ्या रेघांसारख्या दिसतात. ८०, १२०, १५०, १८०, २२० असं जावं आणि दोन टप्प्यांमध्ये तक्ता पुसून घ्यावा, म्हणजे आधीच्या पेपरचा सुटलेला कण पुढच्या पेपरखाली सापडत नाही. ‘पी’ नसलेला ३२० नंबर अमेरिकन मापाचा असेल तर तो जवळपास पी४०० इतका बारीक असतो. दोन मापं एकाच कामात मिसळू नयेत.

व्हिनियरला पी८० लावूच नये. सजावटी व्हिनियर अर्धा मिलिमीटर जाडीचं, आणि पी८० चा एकेक कणच ०.२ मिमीचा. पी१८० पासून सुरुवात, कडेला पॅडचा एक तृतीयांशाहून जास्त भाग बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि पॅड मऊ नको. मऊ पॅड कडेवरून खाली वाकतं आणि तिथलंच व्हिनियर आधी जातं. सपाट कामाला मध्यम किंवा कडक पॅड, गोलाईला आणि सीलरच्या थरांना मऊ. एकाच कडक पॅडवर दहा मिमीचा फोमचा इंटरफेस (पॅड आणि पेपर यांच्यामधला मऊ थर) लावूनही गोलाईचं काम भागतं.

किती नंबरपर्यंत जायचं हे पुढं काय लावणार त्यावर ठरतं. तेलाचा स्टेन द्यायचा असेल तर पी१५० ते पी१८० ला थांबावं. त्यापुढे पृष्ठभाग इतका घोटला जातो की रंग आत मुरत नाही. पाण्यावरचा फिनिश असेल तर पी१८० नंतर ओल्या फडक्यानं पुसून, वाळू देऊन, उठलेले तंतू पी२२० नं हलकेच उतरवावेत. थरांमध्ये पी३२० किंवा पी४००, स्टिअरेटचा पांढरट लेप असलेला पेपर आणि कमीत कमी वेग. इथं वेग वाढवला की लॅकर तापून पेपरला चिकटतं. कोणत्याही मशीननंतर त्याच नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेनं दोन-चार हात मारले तर उरलीसुरली वेटोळीही जातात. हा शेवटचा हात चुकवू नये.

एअर सँडर हलका आणि बुटका, वर्षानुवर्षं टिकणारा. पण त्याला ६.२ बार दाबानं मिनिटाला ४५० ते ५०० लिटर हवा अखंड लागते. छोटा कॉम्प्रेसर काही मिनिटांत मागे पडतो, दाब उतरतो, फेरे कमी होतात. रंगकामासाठी मोठा कॉम्प्रेसर आधीच असेल तरच याचा विचार करावा. बॅटरीचं मशीन साइटवर सोयीचं. वर्कशॉपात पाइप जोडायचाच आहे, तर वायरची अडचण उरत नाही.

कंपनाचा आकडा मात्र जरूर पाहावा. युरोपियन नियमानुसार आठ तासांच्या सरासरीनं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की उपाययोजना सुरू करावी लागते आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. मशीन जुनं होताना कंपन वाढलं तर आधी पॅड बदलून पाहावं, मग बेअरिंग. पॅड एकाच मापाचं दिसलं तरी दुसऱ्या मॉडेलचं बसवू नये. मशीनमधलं समतोलाचं वजन मूळ पॅडच्या वजनावर बेतलेलं असतं आणि हलकं किंवा जड पॅड लावताच मशीन हातात थरथरू लागतं.

दुकानात मशीन हाताळायला मिळालं तर चाचणीला मेपलसारखी दाट रेषांची फिकट फळी सोबत न्यावी. ओकच्या उघड्या रेषांत दोष लपतात. एकाच ताज्या पी१५० पेपरनं, व्हॅक्यूम जोडून, दोन मिनिटं घासावं. मग फळी टर्पेंटाइननं पुसून ओली असतानाच टॉर्च बाजूनं आडवा धरावा. वेटोळी दिसली तर पेपर बदलून आणि ओढ कमी करून पुन्हा एकदा घासावं. दुसऱ्यांदाही तीच दिसली तर ते मशीन फिनिशिंगचं नव्हे.